पिवळ्या फितीचं झाड

सप्टेंबर लागला की आमच्या गल्लीला एक वास येतो. झाडाखाली पडून फुटलेल्या प्लमचा, ओल्या पाल्याचा, आणि कुणाच्या तरी ओव्हनमधून येणाऱ्या दालचिनीचा. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या या टोकाला जंगल अगदी अंगाला लागून आहे, त्यामुळे धुकं सकाळी आधी आमच्याकडे येतं आणि मग सावकाश शहरात जातं. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. मुलांच्या जॅकेटांना अजून कपाटाचा वास असतो.

परवा असाच चहा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले, आणि समोर हेर, म्हणजे श्रीयुत, वेबरांच्या प्लमच्या झाडाला पिवळी फीत बांधलेली दिसली. बुंध्याला एक वेढा आणि पुढे फुलपाखरासारखी गाठ. पूर्वी एकदाच दिसली होती, मधली सगळी वर्षं ती फीत तिथं नव्हती. म्हातारबाबा थकले की काय, या विचारानं जरा चर्र झालं. पण त्याच्याही आधी, खरं सांगायचं तर, मला माझ्या सासूबाई आठवल्या. ती फीत आणि सासूबाई माझ्या डोक्यात एकाच खणात ठेवलेल्या आहेत.

आमच्या आई म्हणजे संगमनेरकडच्या एका गावच्या पाळकबाई. सासरे तिथल्या चर्चचे पाळक होते. रविवारी बोलायचे ते, आणि आठवड्याचे उरलेले दिवस बोलायच्या आई. विहिरीवर, सरकारी दवाखान्याच्या बाकावर, एसटीच्या थांब्यावर. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला, गाडी येईपर्यंत आपलं सगळं रडगाणं यांच्यापुढे ओतावंसं वाटायचं, अशी त्यांची ऐकण्याची तऱ्हा. ऐकून झालं की मग त्या आपलं सांगत. प्रभूनं आपल्याला कसं सांभाळलं, हे त्या मेथीची जुडी कुठं चांगली मिळते ते सांगावं इतक्या सहज सांगत. कुणाला पटे, कुणाला नाही. ज्यांना पटत नसे त्यांच्याही घरी बाळंतपणात डिंकाचे लाडू पोचत.

मी पुण्याची. आमच्या घरात विश्वास हा रविवारच्या साडीसारखा होता: उंची, इस्त्रीचा, आणि एरवी कपाटात. जर्मनीत ते माझ्या पथ्यावरच पडलं. विद्यापीठातल्या आमच्या गटात लोक कॅन्टीनमध्ये घटस्फोटापासून पोटाच्या तक्रारीपर्यंत सगळं मोकळेपणानं बोलतात, पण देवाचा विषय निघाला की एकदम सगळ्यांची सुपं गार होतात. मी रविवारी चर्चला जाते हे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही माहीत नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

आई आल्या त्या वर्षी आम्ही नुकतेच या घरात राहायला आलो होतो. नोहा धरून धरून उभा राहायला लागला होता, माझा पीएचडीचा प्रबंध अर्धवट लोंबकळत होता, आणि सॅम, माझा नवरा, सोमवार ते शुक्रवार कंपनीच्या कामाला दुसऱ्या गावी. तेव्हा नातवाला सांभाळायला आई आल्या. बॅगेत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि बोलायला काठोकाठ भरलेलं मन.

इथं ते मन ओतायला भांडंच मिळेना. बसथांब्यावर शेजारच्या बाईशी त्या मराठीत बोलायला लागल्या. ती बाई गोड हसली आणि फोनमध्ये शिरली. बागेत एका आजींच्या पिशवीला त्यांनी हात लावला, मदत म्हणून, तर त्या आजी दचकून दोन पावलं मागे. "गुटन मोर्गन"वर गाडी सुरू व्हायची आणि तिथंच बंद पडायची. सुरुवातीला तांदूळ धुताना त्या गीत म्हणायच्या. हळूहळू नुसता पाण्याचा आवाज यायला लागला. एवढी भरल्या अंगाची बाई, पण मला वाटायचं की रोज बोटभर आटतेय.

एका दुपारी नोहाला भरवता भरवता म्हणाल्या, "शरोन, सॅमला म्हणावं माझं तिकीट अलीकडचं करून टाक."

"का हो आई? नोहा दमवतो का?"

"लेकरू काय दमवणार गं? तसं नाही. सगळा जन्म तोंडानं देवाचं काम केलं. इथं माझं तोंड नुसतं जेवायला उरलंय. काय उपयोग माझा?"

मला रडूच फुटलं. त्यातले थोडे अश्रू प्रबंधासाठी होते, खोटं कशाला बोलू. पण बरेचसे त्यांच्यासाठीच होते. ज्या बाईनं अख्ख्या गावाची दुखणी ऐकली, तिला मी माझ्या घरात आणून मुकी करून ठेवली होती. मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत थांबा, मग बघू. त्या 'बरं' म्हणाल्या, पण ते 'बरं' बॅग भरायला घेतलेल्या माणसाचं होतं.

आणि मग ती फीत आली.

हेर वेबरांचं झाड कुंपणाला टेकून उभं आहे. निम्म्या फांद्या त्यांच्या अंगणात, निम्म्या गल्लीत. इथली ही प्लम आपल्याकडच्या आलुबुखारासारखी तांबडी, गोल नसतात. लांबट, गर्द निळी, वर राख फुंकल्यासारखी झाक. इथले लोक त्यांना क्वेचे म्हणतात. त्या वर्षी झाड नुसतं लगडलं होतं आणि एक दिवस बुंध्याला पिवळी फीत दिसली. मला वाटलं, नगरपालिकेनं तोडायच्या झाडांवर खूण केली असेल. जर्मन लोक कशावर काय खूण करतील सांगता येत नाही. मी बाबागाडी ढकलत पुढे गेले. आई मात्र थांबल्या.

"नवस आहे," त्या म्हणाल्या.

"अहो आई, इथं कोण नवस बोलतंय?"

"आमच्या गावाला पिराच्या चिंचेला नाही का बांधत? सगळ्या जातीधर्माचे बांधतात. तुझे सासरे तिथून जाताना सायकलवरून उतरायचे. नव्या आलेल्या प्रचारकानं एकदा तिथंच भाषण ठोकायला घेतलं, तर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, बांधणाऱ्याशी वाद घालायचा नसतो. घरात कोण आजारी आहे ते विचारायचं असतं." मग झाडाकडे पाहत म्हणाल्या, "या घरात कोण आजारी आहे?"

मला कुठलं माहीत असायला? हेर वेबरांशी आमचा एकूण संवाद म्हणजे, कागदाच्या कचऱ्याचा डबा आम्ही चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला होता तेवढाच. उंच, वाकलेला माणूस, पूर्वी शिलाई मशीनच्या कारखान्यात फोरमन होता. 'मोर्गन' म्हणायचा तेही दार लावून घेतल्यासारखं.

"विचारता येत नाही, पण प्रार्थना तर करता येते," आई म्हणाल्या. "देवाला जर्मन येतच असेल."

दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की त्या नोहाला घेऊन गल्लीत जायच्या. झाडासमोर बाबागाडी उभी करायची, डोक्यावर पदर घ्यायचा, डोळे मिटायचे. ओठ हलताना मला खिडकीतून दिसायचे. मग डोळे उघडून त्या गल्लीत पडलेली प्लम वेचायच्या. चांगली वेगळी, फुटकी वेगळी. फुटकी कचऱ्यात, आणि चांगली पदरानं पुसून हेर वेबरांच्या कुंपणाच्या भिंतीवर नीट रचून ठेवायच्या. एकही तोंडात टाकायच्या नाहीत. नोहानं हात लांबवला तर तोही मागे घ्यायच्या. नवसाच्या झाडाचं फळ मालकाला विचारल्याशिवाय खायचं नाही, हा त्यांचा हिशेब. घरी येताना मात्र चालीत जरा जोर असायचा. एके दिवशी तांदूळ धुताना गीताची एक ओळ ऐकू आली, आणि मी खोलीत लिहिता लिहिता थांबून ती संपेपर्यंत ऐकत बसले.

असं चांगलं चाललेलं असताना एका शनिवारी दारावरची बेल वाजली. दारात हेर वेबर. हातात प्लमनी भरलेला टोप, चेहरा लाल.

"तुमची मामा काय करते?" मामा म्हणजे इथं आई. त्यांच्या बोलीतलं जर्मन कळायला मला नेहमी दुसऱ्यांदा ऐकावं लागतं, पण त्या दिवशी राग इतका स्वच्छ होता की पहिल्यांदाच कळलं. "मी फीत बांधलीय. पिवळी फीत म्हणजे, ही प्लम हवी त्यानं न्यावीत. इथं सगळ्यांना माहीत आहे. मला ती माझ्या डोळ्यांसमोरून जायला हवीत. आणि ही बाई रोज ती पुसून माझ्याच भिंतीवर परत आणून ठेवते! आणि उभी राहून झाडाशी काहीतरी बोलते. काय बोलते?"

मी आधी फितीचा अर्थ आईंना सांगितला. त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसल्या. "अगं बाई! म्हणजे सरवा! ज्वारी काढली की आमच्याकडेही राहिलेली कणसं गोरगरिबांना मोकळी असतात. शेताचा कोपरा परक्यासाठी सोडायचा, हे तर देवानंच सांगितलंय. आणि इथली परकी तर मीच." मग गंभीर होत म्हणाल्या, "पण ते काय विचारतायत, झाडाशी काय बोलते? सांग ना त्यांना खरं."

आता माझी पंचाईत. प्रार्थना हा शब्द मी जर्मनमध्ये चर्चच्या बाहेर कधी उच्चारला नव्हता. स्टेशनवर पत्रकं घेऊन उभी असलेली माणसं डोळ्यांपुढे आली. पुढचं वर्षभर कचऱ्याच्या डब्यावरून होणारी शेजारच्या घराची बोलणी डोळ्यांपुढे आली. आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांचं सगळं बोलणं त्या क्षणी माझ्या जिभेवर येऊन अडलं होतं. मी सांगून टाकलं: आमच्याकडे झाडाला असं बांधलं की घरात कुणी आजारी असतं, म्हणून त्या तुमच्या घरासाठी प्रार्थना करतात, रोज.

हेर वेबरांच्या हातातला टोप जरा कलंडला आणि दोन प्लम पायरीवरून घरंगळत गेली.

"माझ्या घरात कुणी आजारी नाही," शेवटी ते म्हणाले. "माझी बायको वारली. आता मी एकटाच. झाड तिचं होतं. मला ती फळं तोडवत नाहीत."

मी मराठीत सांगितलं. आईंनी एकच विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"हेल्गा," ते म्हणाले. ते नाव बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं उच्चारलं गेलं असावं, कारण त्यांचा आवाज मध्येच घासला.

"हेल्गा," आईंनी म्हणून पाहिलं. "शरोन, विचार त्यांना, आत्ता प्रार्थना केलेली चालेल का?"

मी विचारलं. ते मान हलवत म्हणाले, "मी चर्चमधून बाहेर पडलोय. कधीचाच. तसं सरकारी ऑफिसात जाऊन लिहून दिलंय."

"मी कुठं त्यांना चर्चमध्ये बोलावतेय?" आई म्हणाल्या. "मीही दारातच उभी आहे."

हे ऐकून ते किंचित हसल्यासारखे झाले आणि त्यांनी टोप खाली ठेवला. आईंनी पदर घेतला. प्रार्थना मराठीत, अगदी लहान. हेल्गाबाईंसाठी उपकार मानले, या झाडासाठी मानले, या माणसाच्या रिकाम्या घरात तू राहा म्हणाल्या. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर हेर वेबरांनी हात वर केला. "नको. असू द्या." त्यात दोनदा 'हेल्गा' आलं होतं, तेवढं त्यांना पुरलं असावं. नोहा माझ्या कडेवरून आमेन म्हणाल्यासारखं काहीतरी ओरडला आणि आम्ही तिघंही हसलो.

पुण्याला आमच्या चर्चच्या तरुण संघात एक वाद दर वर्षी रंगायचा. विश्वास बोलून सांगायचा की वागून दाखवायचा? मी अर्थातच वागण्याच्या बाजूची. त्यात बोलावं लागत नाही. त्या शनिवारनंतर मला ती वाटणीच पटेनाशी झाली. आईंचं पुसणं, रचणं, उभं राहणं यांनी दार वाजवलं खरं. पण दार उघडल्यावर कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं, आणि त्या दिवशी ते तोंड नेमकं माझं निघालं. याबद्दल मी देवाचे आभार कुरकुरत मानते, पण मानते.

पुढच्याच आठवड्यात हेर वेबरांनी हेल्गाबाईंचा जाड काळा ट्रे आणून आमच्या ओट्यावर ठेवला. क्वेचेचा केक त्यांना करता येत नव्हता, पण तो दिसायचा कसा हे त्यांना पाठ होतं. पीठ आईंनी मळलं. गावाकडे नाताळात बेकरीच्या भट्टीवर ट्रे घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई ती, यीस्टच्या पिठाला काय घाबरणार? प्लम चिरून, बिया काढून मांडायची वेळ आली तेव्हा आई फोडी आडव्या ठेवायला लागल्या, तर हेर वेबर कळवळून म्हणाले, "नाइन, नाइन!" आणि पुढे होऊन एकेक फोड उभी, कौलांसारखी लावून दाखवली. "गेनाऊ," आई म्हणाल्या. 'अगदी बरोबर' म्हणायचा माझ्या तोंडचा तेवढा शब्द त्यांनी उचलला होता. त्यानंतर त्या दोघांना माझी गरज उरली नाही. ते आपल्या बोलीत बोलत होते, आई आपल्या भाषेत, आणि ट्रे भरत होता.

त्या केकबरोबर इथं बटाट्याचं सूप खातात. तिखट-खारट सुपाबरोबर गोड केक! मला ते कधी झेपलं नव्हतं. आईंनी मात्र एक घास याचा, एक घोट त्याचा घेतला आणि म्हणाल्या, "पुरणपोळी आणि कटाची आमटी. यात नवल काय?" हेर वेबर मान खाली घालून जेवत होते. दुसऱ्यांदा सूप घेताना त्यांचे डोळे भरले होते. ते त्यांनी लपवलं नाही आणि आम्ही तिकडे पाहिलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये एर्न्टेडांक, म्हणजे आपला हंगामाचा सण. वेदीपुढे भोपळे, कोबी, गव्हाच्या पेंढ्या, द्राक्षं. आईंनी टोपलीभर प्लम नेली. टोपली हेर वेबरांनी स्वतःच्या गाडीतून चर्चच्या दारापर्यंत आणून दिली आणि ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत येत नाही म्हणाले. आईंनी आग्रह केला नाही. उपासना संपल्यावर त्या लिलावाची वाट पाहत बसल्या, कारण गावाकडे अशा दिवशी अर्पणातल्या कोंबडीवरून सुद्धा चुरस लागते. इथं सगळं मुकाट्यानं गरजूंच्या स्वयंपाकघराकडे रवाना झालं. "चांगलं आहे," आई म्हणाल्या, "पण मजा नाही." बाहेर आलो तर हेर वेबर बाकावर ऊन खात बसले होते. आत वाजलेलं शेवटचं गीत ते हलकेच गुणगुणत होते. आम्ही दिसल्यावर थांबले.

तिकिटाची तारीख कुणी बदलली नाही. आई ठरल्या दिवशीच परत गेल्या, प्रबंध माझ्याकडून एकदाचा पुरा झाला, आणि पुढच्या वर्षीपासून झाडावर फीत दिसली नाही. हेर वेबर शिडी लावून स्वतः प्लम तोडायला लागले. दर सप्टेंबरात एक ट्रे आमच्या दारी येतो, फोडी उभ्या, कौलांसारख्या. नोहा आता सात वर्षांचा आहे, आजीचं मराठी सगळं समजतो आणि उत्तरं जर्मनमध्ये देतो. शिडी धरायचं काम त्याचं. हेर वेबर अजून चर्चला येत नाहीत. कुंपणापाशी भेटले की विचारतात, मामा काय म्हणते? मी सांगते. आणि कधी कधी, कुणी सांगितलेलं नसताना, मीही त्यांना माझं काहीबाही सांगते: कशासाठी घाबरले होते, कशी सांभाळली गेले. माझी सुपं आता गार होत नाहीत.

म्हणून परवा फीत दिसली तेव्हा मी चहा तसाच ठेवून चपला घातल्या. मला वाटलं, शिडी चढवत नसेल आता. हेर वेबर झाडाखालीच उभे होते, टोप घेऊन. अर्धा भरलेला.

"तुम्ही तोडताय? मग फीत कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं शेजारी राहून मला काहीच कळलेलं नाही. "तुम्हीच सांगितलं ना गेल्या आठवड्यात. मामाचं हृदयाचं ऑपरेशन आहे म्हणून."

मी सांगितलं होतं खरं. कुंपणावरून, घाईघाईत. सॅम नगरला निघाला त्या दिवशी.

"आल्झो, मग झालं तर," ते म्हणाले, "तुमच्याकडे त्यासाठी बांधतात ना?"

"पण तुम्ही तर..."

"हो, हो. मी बाहेर पडलोय. झाड नाही बाहेर पडलेलं." त्यांनी गाठ उगाच जरा घट्ट केली. "काय बोलायचं ते मला येत नाही. मी तिचं नाव घेतो आणि उभा राहतो."

आभार मानायला येणाऱ्या दोन-तीन भाषा एकदम गेल्या, म्हणून मीही शेजारी उभी राहिले.

काल सॅमनं दवाखान्यातून फोन लावून दिला. आईंचा आवाज बारीक होता, पण त्यांचाच होता. मी त्यांना फितीची गोष्ट सांगितली. पाळकबाईंना नवसाचं हे काम कितपत रुचतंय, अशी मला धाकधूक.

मग त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, बांधणाऱ्याशी मी वाद घालत नाही. आणि आजारी कोण होतं विचारतील, तर सांग, मी होते. आज उठून बसलेय."

मी फोन तसाच कानाला धरून गल्ली ओलांडली.